फेरमोजणी मागायची असेल, तर हातात कागद हवा

2024 च्या विधानसभा निवडणुकीत भंडारा जिल्ह्यातील साकोलीचा निकाल 208 मतांनी, तर बुलढाण्याचा 841 मतांनी लागला. फरक इतका कमी असला की एका बाजूचे कार्यकर्ते फेरमोजणीसाठी ओरडू लागतात, दुसऱ्या बाजूचे गुलालाची घाई करतात आणि या गदारोळात अर्ज द्यायची वेळ निघून जाते. म्हणून पक्ष कोणताही असो, खेड्यापाड्यांतून मोजणीला जाणाऱ्या प्रतिनिधींनी ही रीत आधीच समजून घ्यावी.

तयारी मतदानाच्या संध्याकाळीच सुरू होते. नोंदवलेल्या मतांचा हिशेब केंद्राध्यक्ष नमुना 17 सी मध्ये लिहितात आणि त्याची साक्षांकित प्रत मतदान प्रतिनिधीला देतात. आपली पोरे ती घडी घालून शर्टाच्या खिशात कोंबतात आणि दुचाकीने गावी परततात. घामाने शाई पसरली की यंत्राचा क्रमांकही वाचता येत नाही, म्हणून ती प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून त्याच रात्री उमेदवाराकडे पोहोचवावी, असा माझा आग्रह आहे. मोजणीच्या दिवशी जाळीपलीकडून कंट्रोल युनिटचा, म्हणजे मते साठवणाऱ्या मतदान यंत्राच्या भागाचा, क्रमांक, सील आणि एकूण मते या प्रतीशी ताडून पाहावीत. समजा, कागदावर 612 आणि यंत्रावर 611 दिसले, तर त्याच क्षणी लेखी हरकत द्यावी. नंतर सांगितलेल्या गोष्टीला फारसे वजन राहत नाही.

सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज जाहीर झाल्यावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी नमुना 20 वर, म्हणजे निकालपत्रकावर, सही करण्यापूर्वी फेरमोजणीचा लेखी अर्ज द्यावा लागतो. निवडणूक नियम 1961 मधील नियम 63 प्रमाणे सही झाल्यावर अर्ज घेतला जात नाही. मात्र सहीपूर्वी हजर असलेल्यांना अर्जाची वाजवी संधी द्यावीच लागते, आणि ती शांतपणे, पण ठामपणे मागावी. ‘मोजणीत गडबड झाली’ एवढेच लिहिलेला अर्ज निराधार म्हणून फेटाळला जाऊ शकतो. कोणते केंद्र, कोणती फेरी, कोणता आकडा जुळत नाही, हे त्यात स्पष्ट हवे. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या हाताने मोजून हव्या असतील तर नियम 56 ड खाली वेगळा अर्ज करावा, कारण यंत्र आणि चिठ्ठ्यांचे आकडे जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो.

टपाली मतांकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती सर्व मते पुन्हा तपासणे निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार बंधनकारक आहे.

आघाडीवर असलेल्या बाजूने अर्जाला अडथळा आणू नये. जे दार आज तुम्ही बंद कराल, ते पुढच्या निवडणुकीत तुम्हालाच ठोठवावे लागेल. अर्ज फेटाळला गेला तरी कारणे लेखी द्यावी लागतात. त्या आदेशाची प्रत घ्यावी, कारण निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात, विदर्भासाठी नागपूर खंडपीठात, निवडणूक याचिका दाखल करताना हरकतीच्या प्रतीबरोबर तीही जोडावी लागेल.