केशर आंब्याची साठवण : कूज टाळण्यासाठी तोडणीआधीची तयारी

साठवणीत दिसणारी कूज बहुतेक वेळा बागेतूनच आलेली असते. करप्याची बुरशी मोहोर आणि कोवळ्या फळांच्या काळात सालीत शिरते, तेथे सुप्त राहते आणि फळ पिकू लागले की काळे डाग उमटवते. देठकुजीची बुरशीही देठातूनच गरात उतरते. त्यामुळे सोलापूरच्या बागायतदाराने शीतगृहातील जागेची चौकशी करण्याआधी तोडणीची सामग्री तपासावी.

धारदार कात्री, झेला (फळे झेलणारी जाळी लावलेली काठी), धुऊन उन्हात वाळवलेले क्रेट आणि सावलीची जागा आदल्या दिवशीच तयार असावी. फळे सकाळी लवकर, ४ ते ५ सेंटिमीटर देठासह कापावीत; हिसडून काढल्यास देठाजवळ जखम होते. वळीव नुकताच पडला असेल, तर झाडे सुकेपर्यंत थांबावे. फळे मातीवर न टेकवता सावलीत आणावीत, देठ सुमारे १ सेंटिमीटर ठेवून छाटावा आणि फळे जाळीवर उपडी ठेवून चीक निथळू द्यावा. खरचटलेली किंवा पडलेली फळे त्याच दिवशी वेगळी काढावीत.

सर्वांत जास्त काळजी गरम पाण्याच्या प्रक्रियेची घ्यावी. पूर्ण पक्व, पण कडक फळे धुऊन ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे बुडवली, तर सालीतील करपा बराच आटोक्यात येतो. पाण्याचे तापमान हाताने अजमावता येत नाही. विश्वासार्ह तापमापक हवाच, कारण तापमान घसरले तर बुरशी तगते आणि वाढले तर साल भाजते. कोवळ्या फळांना ही प्रक्रिया सोसत नाही. नंतर फळे स्वच्छ साध्या पाण्यात थंड करून पंख्याखाली पूर्ण कोरडी करावीत. लेबलवर तोडणीनंतरच्या वापराची शिफारस नसलेल्या बुरशीनाशकात ती बुडवू नयेत.

साठवणीच्या खोलीत सुमारे १३ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता राखावी. १० अंशांखाली फळ थंडीने बिघडते आणि पुढे कुजतेही. घरीच आढी घालायची, म्हणजे फळे कडब्यात रचून पिकवायची असल्यास मे महिन्यात पत्र्याची खोली टाळावी, कारण ३० अंशांवर देठकूज बळावते. आपल्याकडे कडबा हाताशी असतो, पण गंजीच्या तळाचा, दमट वास येणारा कडबा आढीत वापरू नये. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि त्याने बुरशी मरतही नाही. आढी रोज उघडून पाहावी, डागी फळ शेजारच्या फळांना लागण्याआधी काढावे आणि ते बागेत न टाकता खोल पुरावे.