ओला-सुका वेगळा करताय? मग या चुका टाळा

ओल्या कचऱ्याला हिरवा डबा आणला, सुक्याला निळा डबा आणला. पहिला आठवडा घरात सगळ्यांनी नेमाने पाळला. दुसऱ्या आठवड्यात हिरव्या डब्याला वास सुटला, निळ्यात चिलटं घोंगावायला लागली आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं पुन्हा एकाच काळ्या पिशवीतून घंटागाडीत. सांगली-मिरज असो की सातारा, बहुतेक घरांत घोडं इथंच पेंड खातं. मग दोष शिस्तीला दिला जातो. डबे उघडून नीट पाहिलं तर मात्र बहुतेक वेळा कारण एकच सापडतं: ओल नको तिथे गेलेली असते.

सुक्या डब्यात ओल

सुरुवात दुधाच्या पिशवीपासून करू, कारण ती रोज घरात येते. पहिली चूक कोपरा कापताना होते. तो इवलासा त्रिकोण सुटा झाला की मोरीतून गटारात जातो किंवा ओल्या कचऱ्यात मिसळतो. एवढा तुकडा परत कुणीही वेचत बसत नाही. कात्री पूर्ण न चालवता कोपरा पिशवीला लटकता ठेवा. दूध ओतून झालं की पिशवीत दोन-तीन चमचे पाणी घालून हलवा आणि ते पाणी त्याच पातेल्यात ओता. मग पिशवी उलटी करून चिमट्याला अडकवा. वाळल्यावर तीस-चाळीस पिशव्यांची गड्डी बांधली की भंगारवाला ती घेतो. न धुतलेल्या पिशवीतलं दूध एका दिवसात नासतं, त्याची ओल शेजारच्या वर्तमानपत्राला लागते, कागदावर बुरशी येते आणि दोन्ही माल वाया जातात.

दुसरी गडबड पाकिटांची. दुधाची पिशवी आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट एकाच गड्डीत बांधू नका. बोटांनी ओढून बघा. दुधाची पिशवी ताणली जाते. आतून चंदेरी असलेलं पाकीट करकरतं, ताणत नाही, थेट फाटतं. त्यात वेगवेगळ्या थरांचा माल एकमेकांना चिकटवलेला असतो, त्यामुळे ते सहसा विकलं जात नाही. त्याला वेगळी पिशवी ठेवा. लग्नाच्या पंगतीतल्या चंदेरी लेपाच्या द्रोण-पत्रावळ्यांचंही तेच: दिसायला कागद, पण रद्दीत चालत नाहीत आणि खतात कुजत नाहीत.

ऑफिसमधल्या चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणूनच तो गळत नाही आणि म्हणूनच साध्या रद्दीत चालत नाही. तळाशी उरलेला घोटभर चहा बाकीची रद्दी भिजवतो ते वेगळंच. दहा माणसं, दिवसातून दोन चहा, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाचशे कप होतात. चहावाल्याला काचेचे कटिंगचे ग्लास आणायला सांगणं हा सर्वात स्वस्त इलाज आहे.

दुकानाच्या बिलावर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छपाई होणारा, रसायनाचा लेप असलेला कागद आहे. तो रद्दीतही नको, खताच्या बादलीतही नको. कंदी पेढ्यांच्या खोक्याचं मात्र सोपं आहे. आतला बटर पेपर काढा, तुपाचा डाग लागलेला भाग फाडून ओल्यात टाका, उरलेला पुठ्ठा रद्दीत.

खताची बादली: वास, अळ्या, चिखल

लोक सर्वात जास्त हरतात ते इथे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात 70 ते 80 टक्के पाणीच असतं. भाजीची देठं, फळांची सालं मऊ पडली की हे पाणी सुटतं आणि हवेच्या पोकळ्यांत भरतं. हवा संपली की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात, बिनहवेचे पुढे येतात आणि बादलीला सडक्या अंड्याचा वास येतो. कुजणं थांबलेलं नसतं, ते चुकीच्या वाटेने चाललेलं असतं.

रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या पुरतात. डिस्टेंपरची बादली स्वच्छ धुऊन चालते. ऑइल पेंटचा डबा नको. तळाला आणि बाजूंना ड्रिलने 6 मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाडा. तापलेल्या सळईने पाडू नका, तो धूर तुमच्याच नाकात जातो. खाली ताटली ठेवा. तळाशी दोन इंच काटक्या आणि नारळाच्या शेंड्या घाला.

मग रोजचा कचरा. तो आधी चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या आणि एक इंचापेक्षा लहान चिरा. एक वाडगा कचरा पडला की त्यावर दीड ते दोन वाडगे सुका पाला घालून काटकीने एकत्र हलवा. बहुतेकजण इथंच चुकतात: पाला नुसता वरून भुरभुरवतात, कोथिंबीर पेरल्यासारखा. पाल्याचं काम दुहेरी आहे. तो जास्तीची ओल शोषतो आणि कार्बन पुरवतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो, आणि भाजीपाल्यात नत्राच्या मानाने कार्बन कमी पडतो.

सुका माल आपल्याकडे फुकट मिळतो. नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडणीच्या दिवसांत पाचट हवं तेवढं असतं, पण ते दोन इंचांचे तुकडे करूनच घाला. अख्खं पातं टणक असतं, महिनोन्‌महिने तसंच राहतं. रसवंतीवरचं चिपाड चांगलं, फक्त त्यात साखर उरलेली असते. दोन दिवस कडक उन्हात वाळवलं नाही तर मुंग्यांची रांग लागते. पावसाळ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच पानगळीचा पाला पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैत साताऱ्यात वाळलेलं पान शोधायला गेलात तर मिळणार नाही. तो साठा संपलाच तर अंड्यांचे कागदी ट्रे फाडून वापरा. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट भिजवून फुगवायची आणि तशीच ओली बादलीत ढकलायची हा प्रकार तर अनेक घरांत दिसतो. ओल शोषायला आणलेली वस्तू आधीच पाणी पिऊन बसलेली! ती उन्हात वाळवून मगच घाला.

ओल मोजायला यंत्र लागत नाही. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एक-दोन थेंब सुटले तर बेत जमला. धार लागली तर सुका माल कमी पडलाय. मूठ उघडल्यावर गोळा भुसभुशीत सुटला तर पाण्याचा हबका मारा. दर तीन-चार दिवसांनी तळापासून वर-खाली करा.

आता बिघाड वासावरून आणि पाहुण्यांवरून ओळखायचे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. बादली पालथी करून चार मूठ पाला मिसळा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त झालं. पुन्हा पालाच, पण या वेळी फाडलेला पुठ्ठाही चालेल. मुंग्या म्हणजे कोरडं पडलंय. चिलटं केळीच्या आणि आंब्याच्या उघड्या सालींवर येतात, म्हणून वरचा दोन इंचांचा थर नेहमी सुक्या पाल्याचाच ठेवा. जाड, करड्या अळ्या दिसल्या की घरात किंकाळी फुटते, पण त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. त्यांची गर्दी झाली म्हणजे भात-आमटी जास्त पडतेय एवढाच अर्थ. पांढरी बुरशी दिसली तर खुशाल राहू द्या. उंदीर आला तर मटणाची हाडं आणि तेलकट खरकटं बंद करा. हाडं, कोयी, करवंट्या त्या बादलीत पुढच्या वर्षीही तशाच सापडतील.

बाजारात कल्चरच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या, बाटल्या मिळतात. चिखल झालेल्या बादलीत अख्खी बाटली ओतली तरी हवा कुठून येणार? सुरुवातीला दोन मुठी शेणखत किंवा आधीचं तयार खत घातलं की विरजण लागतं. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्यांचंही तसंच. त्या मोठ्या प्रकल्पातल्या 58 अंशांच्या आसपासच्या उष्णतेसाठी बनवलेल्या असतात, घरच्या बादलीत तेवढी धग सहसा तयार होत नाही.

बादली भरायला महिना-दीड महिना जातो, मुरायला पुढचे सहा ते आठ आठवडे. दुसरी बादली त्यासाठीच. तयार खताला पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येतो. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. नुसत्या खतात लावलेलं रोप बहुधा करपतं.

जाता जाता, फडात पाचट पेटवणाऱ्यांसाठी. तिथे हिशोब उलटा असतो: पाचटात कार्बन भरमसाट, नत्र कमी. म्हणून टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. काडी ओढली की नत्र धुरासोबत गेलं आणि जमिनीवरचं आच्छादनही.

बंबातला धूर

गावात आणि शहराच्या जुन्या भागात तांब्याचा बंब अजून पेटतो, आणि त्याला काही हरकत नाही. हरकत आहे ती पेटवायच्या पद्धतीला. दुधाची पिशवी, ट्यूबचा तुकडा, तुटकी चप्पल घातली की चटकन पेट घेते म्हणून घातली जाते. प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असेल तर जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा झोंबणारा वायू सुटतो, डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात, आणि बंब तर न्हाणीघराच्या दारातच असतो. पेटवण्यासाठी वाळलेली नारळाची शेंडी, चिपाड आणि कापराची एक वडी पुरते.

ओलं लाकूड ही दुसरी चूक. त्याची बरीच धग स्वतःतलं पाणी उडवण्यातच जाते, पाणी तापायला वेळ लागतो आणि बंबाच्या मधल्या नळीत काजळीचा डांबरट थर बसतो. दोन ढलपे एकमेकांवर आपटा. खणकन वाजले तर वाळलेत, धप्प वाजले तर अजून ओले आहेत. लाकूड फोडून, छपराखाली सहा महिने हवेशीर रचलेलं हवं. नळी आठवड्यातून एकदा ब्रशने साफ केली की जळण कमी लागतं, हे पहिल्याच दिवशी कळेल.

निव्वळ लाकडाची राख खताच्या बादलीत आठवड्याला एक-दोन चमचे चालते. जास्त घातली तर अल्कतेमुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातं. रंग दिलेल्या फळ्यांची किंवा प्लास्टिक जळलेली राख भांडी घासायलाही नको. आणि कुठलीही राख पत्र्याच्या डब्यात चोवीस तास ठेवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. आत विस्तव जिवंत राहतो आणि घंटागाडीतला सुका कचरा पेट घेतो.

पाण्याच्या यंत्राचे गैरसमज

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला म्हणजे पाणी स्वच्छ, हा समज चुकीचा आहे. मीटर विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. उलट बाजूने, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह मानले आहेत. तुमच्या नळाचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर आरओ लावून प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडण्याची गरज नसते. गाळ अडवणारा फिल्टर आणि यूव्ही पुरतो. बोअरच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी, तिथे आरओ लागू शकतो. बाहेर पडणारं पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरा. कुंड्यांना रोज घातलंत तर मातीत क्षार साचून पानांच्या कडा करपतात.

तळणीचं उरलेलं तेल बेसिनमध्ये ओतू नका. साबणाचं गरम पाणी मागून सोडलं तरी ते पुढे जाऊन थंड नळीत थिजतंच. थोडं असेल तर लाकडाच्या भुश्यात किंवा जुन्या वर्तमानपत्रात शोषून घ्या.

तिसरा डबा

सेल, सीएफएल दिवे, पारा असलेले थर्मामीटर, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या ओल्यातही नकोत आणि सुक्यातही. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू मारू नका, पारा पसरतो. तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, सगळं काचेच्या बरणीत बंद करा. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू नका, दाबू नका. कोरड्या वाळूत ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. डायपर, पॅड कागदात घट्ट गुंडाळून वर खूण करा, म्हणजे वेचणाऱ्याचा हात त्यात जाणार नाही.

द्राक्षबागेतून घरी येणाऱ्या औषधांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या की पाव भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. असं तीनदा. मग बाटलीला भोक पाडा, नाहीतर उद्या कुणीतरी तिच्यात गोडतेल भरेल.

नदीकाठच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी या डब्याची जागाही महत्त्वाची आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत सांगलीत पाणी घरांत शिरलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. तो आकडा कानावर येईपर्यंत वाट बघू नका. जूनमध्येच औषधं, रंग, ऑइल आणि बॅटऱ्या माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हलवा. हलवण्याआधी हातमोजे घालून प्रत्येक बाटली कोरड्या वर्तमानपत्रावर पाच मिनिटं आडवी ठेवा. कागदावर डाग उमटला तर ते झाकण गळतंय.