अफ्रेड ऑफ मॉन्स्टर्सचा जुना मॉड परत चालू केला, माझा अनुभव

परवा सांगलीत रात्रभर पाऊस होता, जेवणं झाली आणि म्हटलं आज अफ्रेड ऑफ मॉन्स्टर्स, म्हणजे हाफ-लाइफ या पीसी गेमचा भीतीदायक मॉड (मूळ गेममध्ये बदल करून बनवलेला गेम), खेळायचाच, तोही २००७ चा डिरेक्टर्स कट (त्याच मॉडची सुधारलेली आवृत्ती) नाही, २००५ चा मूळ मॉड, जो कॉलेजात असताना मावसभावाच्या पीसीवर विश्रामबागला बसून बघितला होता.

मॉडची झिप फाइल उघडली, फोल्डर हाफ-लाइफच्या फोल्डरमध्ये टाकला, पण स्टीमच्या (ज्यातून गेम चालू करतो ते सॉफ्टवेअर) लायब्ररीत मॉडचं नावच येईना. दोनदा डाउनलोड केलं, तेच. शेवटी फोल्डर उघडून नीट बघितला तर आत परत त्याच नावाचा फोल्डर, आणि लिबलिस्ट डॉट गॅम (liblist.gam) ही मॉडची ओळख सांगणारी फाइल त्या आतल्या फोल्डरमध्ये! ती फाइल मॉडच्या फोल्डरमध्ये अगदी वरच लागते. मग आतला फोल्डर उचलून थेट हाफ-लाइफमधल्या व्हॉल्व्ह (valve) फोल्डरच्या शेजारी ठेवला, स्टीम पूर्ण बंद करून परत चालू केलं, आलं की नाव.

अजून एक, हाफ-लाइफ ज्यावर चालतो त्या गोल्डसोर्स इंजिनमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) फार वाढला की हालचाली बिघडतात, म्हणून कन्सोलमध्ये (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) एफपीएस मॅक्स (fps_max) १०० ठेवला. डिरेक्टर्स कटचे सेव्ह (अर्धवट खेळ साठवलेल्या फाइल) यात टाकू नका, सुरुवातीपासूनच खेळा.

हेडफोन लावले, दिवा बंद. डिरेक्टर्स कट जास्त घोटीव आहे हे मान्य, पण हा जुना ओबडधोबड अंधार मला जास्त भिडतो. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि पहिल्या कॉरिडॉरमध्येच माझा माउसवरचा हात गार पडला.