बोलून मराठी टाईप करताय? या चुका टाळा

मनगट दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी कीबोर्ड कमी करायला सांगितलं. अनुवादावर घर चालतं, त्यामुळे बसून राहणं परवडणारं नव्हतं. मग फोनच्या माईकवर बोलायला लागले. पहिला आठवडा नुसता वैताग होता. दोष यंत्राचा म्हणत होते, पण बराचसा माझाच निघाला.

सगळ्यात आधी भाषा तपासा. जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड ॲपवर, मराठीत बोलून टाईप करायची सोय २०१७पासून आहे, पण माझ्या फोनवर हिंदीच निवडलेली होती. लिपी देवनागरीच, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. 'नाही'चं 'नहीं' आणि 'आणि'चं 'आनी' होऊ लागलं की समजा, समोरचा हिंदीत ऐकतोय.

दुसरी चूक जवळपास सगळेच करतात: एकेक शब्द सुटा उच्चारणं. शाळेत शुद्धलेखन घालताना बाई सांगायच्या तसं. मी. उद्या. ठाण्याला. जाणार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची सॉफ्टवेअरं असंच मागायची, सलग बोलणं समजणारं 'ड्रॅगन' नावाचं सॉफ्टवेअर आलं १९९७ साली. आजचं सॉफ्टवेअर आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं. 'दिन' की 'दीन' हे कानाला कळत नाही, वाक्यावरून कळतं. तुम्ही शब्द तोडलेत की तो आधारच गेला. म्हणून आख्खं वाक्य आधी मनात जुळवा, मग एका दमात म्हणा. मला हे जमायला तीन आठवडे लागले. हात चालत असताना वाक्य वाटेत सुचायचं, तोंडाने बोलताना मात्र "म्हणजे… ते… काय म्हणतात" एवढंच सुचतं.

बोलताना स्क्रीनकडे बघू नका. अक्षरं उमटता उमटता बदलतात, शेवटचा शब्द आला की मागचा सुधारतो. मध्येच बोट लावलंत तर सुधारायच्या आधीच तुम्ही बिघडवलेलं असतं. परिच्छेद संपू द्या, मग ळ-ल, ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ बघा. विरामचिन्हं मी तेव्हाच हाताने घालते.

जागेचं काय? पंखा थेट माईकवर नको, कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. आणि लोकलमध्ये हा प्रयोग नको. कुर्ल्यापासून घाईघाईत एक मजकूर बोलले. घरी येऊन बघते तर बँकेच्या परिपत्रकाच्या मधोमध 'पुढील स्टेशन दादर'. शिवाय बहुतेक वेळा आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि शेजारच्या बाईंच्या कानावरही. खातेक्रमांक, ओटीपी, कुणाचे आजार असं काही बोलून लिहू नका.

संगणकावर गुगल डॉक्समध्ये बोलून लिहिताना माईक अचानक बंद पडला तर घाबरू नका. दुसऱ्या टॅबवर गेलात की तो थांबतो. शब्दकोश बघून परत आलात की पुन्हा दाबावा लागतो. मुळीच सुरू होत नसेल तर बहुतेकदा क्रोम ब्राउझरमध्ये माईकची परवानगी नाकारलेली असते. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या खुणेवर टिचकी मारून ती द्या.

आणि तास-तासभर सलग बोलू नका. मनगट वाचवता वाचवता माझा घसा बसला होता. आता जवळ कोमट पाण्याचा तांब्या असतो, आणि शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "दुपारभर फोनवर कुणाशी गं बोलतेस?"