जुना वर्कस्टेशन लॅपटॉप घेतलाय? मग तो असा उघडा

जत्रेतल्या नाटकांचं चित्रीकरण करून ते घरी संपादित करायचं, एवढ्यासाठी मी लेनोवोचा सेकंडहँड थिंकपॅड पी ५२ घेतला, म्हणजे जड कामासाठी बनवलेला वर्कस्टेशन लॅपटॉप. अडीच किलोच्या आसपासचं हे धूड, वर विटेएवढा अडॅप्टर. फोंड्याहून पणजीपर्यंत कदंबच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलं की पाय बधिर होतो. पण याला उघडता येतं, आणि पातळ, देखण्या लॅपटॉपच्या ऐवजी हा घेण्याचं माझ्या लेखी तेवढं एकच कारण पुरेसं आहे.

आधी दुखणं ओळखा. तुमचं नेहमीचं काम चालू ठेवा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स भाग बघा, यंत्राचा कुठला भाग किती राबतोय ते तिथं दिसतं. मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवा. डिस्क शंभरावर अडकत असेल तर एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, बदला. प्रोसेसरच शंभरावर असेल तर पैसे खर्चू नका, कारण या लॅपटॉपांत तो मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला, सोल्डर केलेला असतो. ग्राफिक्स चिपचंही बहुतेक मॉडेलांत तसंच. आणखी एक: विंडोज १० चा नियमित आधार (अपडेट मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पी ५२ आणि डेल प्रिसिजन ७५३० त्यात बसतात. पी ५०, पी ५१ स्वस्तात मिळतात, पण ते त्यात बसत नाहीत.

मॅन्युअल उतरवून घ्या. लेनोवो आणि डेल दोघेही प्रत्येक मॉडेलचं दुरुस्तीचं मॅन्युअल फुकट देतात. ते न वाचता स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. पी ५२ ला रॅमचे चार स्लॉट आहेत, पण खालचं झाकण काढलं की दोनच दिसतात. उरलेले दोन कीबोर्डच्या खाली असतात. प्रिसिजन ७५३० चंही तेच. हे माहीत नसलं तर ‘विकणाऱ्यानं फसवलं’ म्हणून उगाच त्याच्याशी भांडण होतं.

रॅम घेताना. या पिढीच्या लॅपटॉपांना डीडीआर ४ सोडिम, म्हणजे लॅपटॉपची आखूड रॅमपट्टी, लागते. डीडीआर ५ च्या पट्टीची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती बसतच नाही. एका ३२ जीबीऐवजी १६ च्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, म्हणजे मेमरीकडे जाणारे दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात. यंत्रात इंटेलचा झिऑन प्रोसेसर असेल तर त्यात ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी, असू शकते. ईसीसी आणि साधी यांची भेसळ चालत नाही. एसएसडीच्या बाबतीत फार विचार नको: २२८० मापाचं (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब) एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारचं, कार्ड घ्या. या मॉडेलांचे स्लॉट पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचे आहेत, त्यामुळे चौथ्या पिढीचं महाग कार्ड लावलं तरी ते तिसऱ्याच्याच वेगानं पळतं.

उघडण्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग अडॅप्टर काढा. थिंकपॅडच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, ती वापरा. बाकीच्यांत झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. स्क्रू ठेवायला मी इडलीपात्र घेतो: एका टप्प्याचे स्क्रू एका वाटीत. पहिल्या वेळी ही अक्कल नव्हती, एक लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला आणि झाकणाला कायमचा टेंगूळ आला.

रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या चिमट्या खटकन बसल्या पाहिजेत. नवी एसएसडी रिकाम्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून जुनीचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करा. जुनी महिनाभर तरी पुसू नका. झाकण उघडलंच आहे तर पंखेही साफ करा. फुंकणी मारताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून खराब होतं.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबत बसू नका, यंत्र नवी मेमरी तपासत असतं. नंतर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही चूक दिसली तर पट्टी परत करा.

आणि आपला पावसाळा. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते. त्या दिवसांत लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवू नका, रोज थोडा चालवा, त्याच्याच उबेनं आतला दमटपणा जातो. पणजीतल्या थंडगार एसी ऑफिसातून बाहेर आल्याबरोबर तो उघडू नका. गार धातूवर पाणी साचतं, म्हणून अर्धा तास बॅगेतच राहू दे. गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अडॅप्टरला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलं तर अर्थिंग तुटतं आणि धातूच्या झाकणाला हात लावल्यावर मुंग्या येतात.

बॅटरीचं चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सेटिंग लेनोवो व्हँटेज या लेनोवोच्याच ॲपमध्ये आहे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा क्लिक अडू लागली तर बहुधा बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जर त्याच क्षणी काढा आणि ती बदलेपर्यंत लॅपटॉप चालवू नका.