इलेक्ट्रिक गिटारची तार बद्द वाजते तेव्हा : नव्या दुरुस्तीकारांसाठी अनुभवकथन

गिटार दुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सर्वांत आधी एकच शिस्त लावतो. ग्राहकाने ‘आवाज बसलाय’ असे सांगितले, तरी लगेच पेचकसाला हात घालायचा नाही. गिटार अँपला (ध्वनिवर्धकाला) न जोडता मांडीवर घ्यायची, सहाही तारा एकेक करून छेडायच्या आणि नीट ऐकायचे. न जोडताही तार बद्द वाजत असेल, तर दोष तारेत, नटावर (खुंट्यांकडील खाचांच्या पट्टीवर), ब्रिजवर (दुसऱ्या टोकाच्या घोडीवर) किंवा फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) असतो. तशी ती खणखणीत बोलत असेल आणि अँपमधूनच बोथट येत असेल, तर तो पिकअपपासून (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकीय भागापासून) पुढे कुठेतरी असतो. हा निवाडा होण्याआधी केलेला कोणताही खर्च बहुधा वाया जातो, कारण पिकअप बदलून घेणाऱ्या कित्येकांना प्रत्यक्षात फक्त नव्या तारांची गरज असते.

पहिला संशय तारांवरच घ्यावा. जाड तीन तारांमध्ये पोलादाचा, बहुतेक वेळा षट्कोनी, गाभा असतो आणि त्यावर निकेलचा मुलामा दिलेली बारीक तार घट्ट गुंडाळलेली असते. या वेढ्यांच्या फटींत घाम, तेल आणि बोटांच्या त्वचेचा चुरा साचत जातो, त्यामुळे तारेचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही आणि वेढ्यांच्या घर्षणात वरच्या पटीतील उपस्वर सर्वांत आधी विझतात. मूळ स्वर तेवढा उरतो, म्हणून आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा वाटतो. पातळ तीन तारांना वेढे नसल्यामुळे त्या बऱ्याच काळ उजळ राहतात. लागोपाठच्या ‘जी’ (वेढे नसलेली) आणि ‘डी’ (वेढ्यांची) तारा छेडल्यावर एक झणझणीत आणि दुसरी मुकी वाटली, तर निदान जवळपास झालेच. खात्रीसाठी ‘डी’ तारेच्या खालच्या बाजूने, म्हणजे फ्रेटकडील अंगाने, नख फिरवावे. फ्रेटवर दाबून पडलेले चपटे खड्डे नखाला लागतात आणि बोटावर काळपट करडा मळ येतो. अशी तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला उपस्वर) यांचा मेळही बसू देत नाही, त्यामुळे जुन्या तारांवर इंटोनेशन (सर्व फ्रेटवर स्वर सुरात येण्याची जुळणी) लावत बसू नये.

मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात तारा लवकर काळवंडतात, शिवाय दुकानात महिनोन्‌महिने टांगलेल्या नव्या गिटारच्या तारा खरेदीच्या दिवशीच गेलेल्या असू शकतात. तारा पाण्यात उकळण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्याने मळ सुटतो आणि थोडे दिवस चमक परतते, पण गंज आणि खड्डे तसेच राहतात. माझ्या मते एवढ्या खटाटोपापेक्षा नवा संच परवडतो.

नव्या संचातील एकच जाड तार बद्द वाजत असेल, तर ती कशी बसवली हे ग्राहकाला विचारावे. खुंटीपाशी काटकोनात मुरड न घालता तार आधीच कापली, तर वेढे गाभ्यावरून सैल होतात आणि कोरी तार मरते. दुसरे ठिकाण म्हणजे सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा. नवी तार तिथून सरळ न निघता किंचित कमान करून निघते. सॅडलच्या लगत, पिकअपच्या बाजूने, तिला बोटाने हलके दाबले की तो बाक नीट बसतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच तार बोलू लागते.

त्यानंतर मोकळी तार आणि पहिल्या फ्रेटवर दाबलेली तार यांची तुलना करावी. फक्त मोकळी तारच बसकी असेल, तर दोष नटाच्या खाचेत असतो. तार खाचेतून सुटण्याची जागा फिंगरबोर्डाकडील कडेवर नेमकी असावी लागते. मिरजेतील कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जी जवारी मुद्दाम काढतात, तिच्यात तार रुंद पृष्ठभागाला हलकेच लागत राहते आणि झंकार उमटतो. गिटारच्या नटावर तसेच झाले, तर स्वर झिणझिणतो किंवा सरळ गुदमरतो. खाच तारेच्या जाडीच्या कानसीने, हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) उतरता ढाळ ठेवून घासावी आणि हात अगदी हलका ठेवावा, कारण घासलेले परत येत नाही.

एखाद्याच फ्रेटवर स्वर मरत असेल, तर पुढचा फ्रेट उंच आहे किंवा तोच झिजला आहे का, हे सरळ पट्टी ठेवून पाहावे.

आता विजेची बाजू. सर्वांत आधी केबल बदलून बघावी. गिटारच्या केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते, त्यामुळे लांबलचक केबल वरचे सूर गिळते. व्हॉल्यूमची कळ थोडी खाली घेतली की धार जाते, हाही अनेक गिटारींचा स्वभावच आहे. ते बिघाड समजून उघडू नये. हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) साधारणपणे ५०० किलोओहमचे आणि सिंगल कॉइलला (एका कॉइलच्या पिकअपला) २५० किलोओहमचे पॉट (कळीखालचा बदलता रोध) लावतात, आणि कुणी हंबकरला २५०चे जोडले असेल, तर आवाज मवाळ येणारच. पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजावी. व्हिंटेज धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेखाली सुमारे २.४ आणि पातळ तारेखाली २ मिलिमीटर अंतर चांगली सुरुवात ठरते. आवाज वाढावा म्हणून पिकअप फार वर घेतले, तर चुंबक तारेला ओढतो, आस (स्वराचा टिकाव) तुटते आणि स्वर डळमळतो.

हे सारे तपासूनही एकाच तारेच्या एकाच जागी स्वर झटकन विझत असेल, तर तो गळ्याचा ‘डेड स्पॉट’ असतो. तिथे गळ्याचे स्वतःचे कंपन त्या स्वराशी जुळते आणि तारेची शक्ती शोषून घेते. बेस गिटारवर ‘जी’ तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान तो हमखास भेटतो. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून पाहावे, वजन वाढल्यामुळे ती जागा थोडी सरकते. मात्र ती पूर्णपणे घालवता येत नाही, हे ग्राहकाला काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे आणि त्यासाठी पैसे घेऊ नयेत.