राजकीय लेखकांच्या मंडळात सर्वोत्तम लेखाची निवड: मतदान कसे घ्यावे

राजकारणावर नियमितपणे लिहिणाऱ्या आठ-दहा जणांनी एकत्र येऊन दर महिन्याला आपापसातला सर्वोत्तम लेख मतदानाने निवडायचे ठरवले, की एक अडचण सुरुवातीपासूनच सोबत येते: इथला प्रत्येक मतदार स्वतः उमेदवारही असतो. दुसऱ्याच्या चांगल्या लेखाला खालचा क्रमांक दिला की आपला लेख आपोआप वर सरकतो, आणि हे सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून सदस्यांच्या सचोटीवर किती भार टाकायचा आणि नियमांवर किती, हे पहिल्या फेरीआधीच ठरवावे.

प्रत्येकाने महिन्याभरातला आपला एकच लेख पाठवावा. त्या फेरीत स्वतःचा लेख न पाठवणारा एक संयोजक नेमावा आणि हे काम आळीपाळीने सर्वांकडे जावे. लेख दाखल झाल्यावर त्यात बदल करू देऊ नये, नाहीतर पहिल्या दिवशी वाचणाऱ्याने आणि शेवटच्या दिवशी वाचणाऱ्याने दोन वेगळे लेख वाचलेले असतात. यादीतला लेखांचा क्रम प्रत्येक मतदाराला वेगळा द्यावा, कारण यादीच्या तळाशी पोहोचेपर्यंत वाचणारा थकलेला असतो. नावे झाकण्याचा मात्र लहान मंडळात फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत शैलीवरून लेखक ओळखू येतोच.

मोजणीची पद्धत बदलली की विजेताही बदलू शकतो. समजा, नऊ मतदार आहेत आणि क, ख, ग हे तीन लेख आहेत. चौघांचा क्रम क, ख, ग असा आहे, तिघांचा ग, ख, क आणि दोघांचा ख, ग, क. प्रत्येकी एकच मत मोजले, तर ४ मते मिळवून क जिंकतो, जरी नऊपैकी पाच जणांना तो सर्वांत शेवटी ठेवावासा वाटला आहे. पहिल्या क्रमांकाला २, दुसऱ्याला १ आणि तिसऱ्याला ० गुण दिले, तर ख ला ११ आणि क व ग यांना प्रत्येकी ८ गुण पडतात. राजकीय लेखनात हा फरक विशेष जाणवतो. एकाच बाजूचे चौघे एकवटले की एकच मत मोजण्याची पद्धत त्या बाजूच्या लेखाला विजयी करते. गुणपद्धत मात्र दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी पटलेल्या लेखाला वर आणते.

गुणांची ही पद्धत फ्रेंच गणिती झाँ-शार्ल द बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. प्रबळ प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम तळाशी टाकता येते, हा तिच्यावरचा जुनाच आक्षेप आहे, आणि त्यावर आपली पद्धत केवळ प्रामाणिक माणसांसाठी असल्याचे उत्तर बोर्दांनी दिले, असे सांगतात. युरोव्हिजन गीतस्पर्धेतही कोणत्याही देशाला स्वतःला गुण देता येत नाहीत, तरी शेजारी देश एकमेकांवर मेहेरबान होत असल्याची कुजबुज दरवर्षी होतेच. स्वतःला मत देण्यास मनाई हवीच, पण तेवढ्याने भागत नाही.

माझ्या मते यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मंडळाचे दोन गट करणे. दहा सदस्य असतील, तर दर फेरीला चिठ्ठ्या टाकून पाच-पाच जणांचे दोन गट पाडावेत. पहिल्या गटाने दुसऱ्याचे लेख वाचून क्रम लावावा, दुसऱ्याने पहिल्याचे, आणि दोन विजेते जाहीर करावेत. अशा रचनेत आपल्या मताचा आपल्या लेखाच्या स्थानावर काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे कोणाला पाडून स्वतःचा लाभ होण्याची वाटच बंद होते. दोन उत्कृष्ट लेख योगायोगाने एकाच गटात आले, तर त्यांपैकी एक मागे पडतो, हा तोटा आहे, तो पत्करावा. दोन्ही विजेत्यांत पुन्हा अंतिम फेरी घेण्याचा मोह टाळावा, कारण गटातली चुरस तिथे पुन्हा शिरते.

मत देताना लेखाचा निष्कर्ष आणि त्याची मांडणी वेगळी करून पाहावी. ज्याचा निष्कर्ष पटत नाही, असा लेख आधी वाचावा आणि त्याचा मुख्य मुद्दा लेखकाला मान्य होईल अशा एका वाक्यात लिहून काढावा. ते जमत नसेल, तर लेख संदिग्ध आहे किंवा आपण घाईने वाचला आहे, आणि दुसऱ्या शक्यतेची तपासणी आधी करावी. त्यानंतर लेखातला एखादा आकडा किंवा एखादे उद्धृत मुळाशी जाऊन पडताळावे. विरोधी मताची सर्वांत भक्कम बाजू लेखात आली आहे का, की त्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाशीच वाद घातला आहे, हेही पाहावे. प्रत्येक पहिल्या क्रमांकासोबत दोन ओळींचे कारण लिहिण्याची सक्ती असावी. ‘अप्रतिम’ एवढेच लिहिलेले मत संयोजकाने परत पाठवावे.

मुदत संपेपर्यंत मते गुप्त असावीत आणि निकालासोबत ती कारणांसह सर्व सदस्यांना दाखवावीत. समान गुण पडल्यास अधिक पहिले क्रमांक मिळवणारा लेख पुढे जावा आणि तेही समान असल्यास मान विभागून द्यावा. निकालानंतर विजेत्या लेखात तथ्याची चूक आढळली, तर निकाल तसाच ठेवावा आणि दुरुस्ती निकालाच्या शेजारीच ठळकपणे नोंदवावी.